अंगठ्यापुरती कड

रोशनी मेश्राम नेमकं काय काम करते, हे तिच्या वडिलांना कधीच धड सांगता आलं नाही. नागपूरहून आत्याचा फोन आला की धम्मदीप मेश्राम म्हणायचे, "ती कंप्युटरवर असते," आणि लगेच विषय बदलायचे. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी घरात त्यांनी खिडकीजवळचं टेबल लेकीच्या यूपीएससीसाठी राखून ठेवलं होतं. लेकीनं साचे बनवण्याचा डिप्लोमा केला आणि फरीदाबादच्या एका टूलरूममध्ये चिकटली.

वितळलेलं प्लास्टिक ज्यात दाबून भरतात, तो पोलादी साचा कंप्युटरवर आखायचा, एवढंच तिचं काम. पण त्याचं वेड असं की लग्नाच्या मांडवातसुद्धा बाईसाहेब प्लास्टिकची खुर्ची उलटी करून तिच्यावरची साच्याच्या जोडाची रेघ शोधणार. नवऱ्यामुलाकडची मंडळी बघत राहायची.

आई गेल्यावर पप्पा तिच्याकडे फरीदाबादला राहायला आले. त्यांचे हात आता थरथरतात. माणूस मात्र ताठ. गोळी कुणी हातावर ठेवलेली त्यांना खपत नाही. बाजारातल्या गोळ्यांच्या डबीचं झाकण त्यांना उघडेना, आणि तसं सांगणं जिवावर येई. दुपारी रोशनी कामावर असायची, म्हणून दुपारची गोळी त्यांनी गुपचूप बंदच करून टाकली. एका रविवारी डबी आवरताना तिला ते कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला. ती खूप चिडली. नंतर तिला त्याहून जास्त वाईट वाटलं.

अशात टूलरूममध्ये गोळ्यांच्या डबीचंच काम आलं. रोशनीनं ते मागून घेतलं. झाकण बंद राहतं ते कडेच्या एका बारीक उंचवट्यामुळे, त्याला सगळे लॉक म्हणतात. साच्यात त्याची खाच जितकी खोल, तितकं लॉक घट्ट. पोलाद कोरून काढता येतं, पण एकदा काढलेलं परत बसवायचं म्हणजे डोकेदुखी. म्हणून या धंद्यात खाच आधी उथळच ठेवतात आणि चाचणी बघून वाढवतात. साहजिकच पहिल्या चाचणीच्या डब्या थोड्या ढिल्या निघतात.

तसली एक ढिली डबी तिनं घरी आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बघते तर दुपारचा कप्पा रिकामा.  पप्पांनी डबी तिला दिसेल अशी टेबलावर उघडी ठेवली होती.

त्याच आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीचा अहुजा आला. रोज जिमला जाणारा, दणकट तरुण. त्यानं डबी टेबलावरून खाली सोडली, पडताच झाकण उघडलं आणि गोळ्या खोलीभर पसरल्या. लॉक टाइट करा, म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

रोशनीनं मनाशी तोड काढली. चाचणीच्या डब्या शेवटी भंगारातच जातात, त्यातल्या थोड्या विचारून घरी आणल्या. रात्री जेवताना पप्पांना सांगितलं, की यापुढे डब्या घट्ट निघतील, पण तुम्ही बिल्कुल टेन्शन घेऊ नका, तुमच्यासाठी ढिल्या बाजूला काढून ठेवल्यात.

पप्पांनी घास खाली ठेवला. "आणि बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरी साचेवाली मुलगी आहे?"

तिला रागच आला. जन्मभर सभा-मीटिंगांमध्ये बसलेला माणूस, जेवणातसुद्धा समाज आणणार. पण सकाळी स्क्रीनसमोर बसल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरायला लागलं. इतके दिवस ती नुसती लॉककडे बघत होती. पप्पांचा अंगठा झाकणावरून कसा घसरतो, हे तिनं रोज पाहिलं होतं, आखलं मात्र कधीच नव्हतं.

तिनं झाकणाला पुढे एक कड काढली, अंगठा अडकेल एवढी. साच्यात तिथलं पोलाद कोरलं की झाकणाला तेवढं प्लास्टिक वाढतं, म्हणजे लॉकबरोबरच हेही होण्यासारखं होतं. कडेमुळे लूक बिघडतो, असं अहुजा कुरकुरला. रोशनीनं त्याला थंडीतले जाड हातमोजे दिले आणि हिंदीत शांतपणे सांगितलं, की हे घालून बाजारातली बिनकडेची डबी आणि हा कडेचा नमुना, दोन्ही उघडून बघा. बिनकडेच्या डबीशी तो बराच वेळ झटत राहिला. मग म्हणाला, ठीक है, ये किनारी रहने दो.

नवी घट्ट डबी घरी आली ती सुट्टीच्या दुपारी. पप्पांचा अंगठा आधी घसरला. हात पुढे करायचा मोह रोशनीनं कसाबसा आवरला. मग अंगठा कडेखाली गेला, झाकण टक् करून उघडलं आणि त्यांनी गोळी घेतली. रोशनीला हायसं वाटलं.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. जय भीम झाला, तब्येतीची चौकशी झाली, मग रोशनीचं काय चाललंय, असं आत्यानं विचारलं.

"ती साचे आखते," पप्पा म्हणाले. डबी त्यांच्या हातातच होती. "थांब, नीट सांगतो तुला."

आणि ते बराच वेळ सांगत राहिले. थोडं चुकीचंच सांगत होते, पण रोशनीनं मध्ये तोंड घातलं नाही.