एका गोणपाटावरच्या दोघी

खालांना हट्टी म्हणणं म्हणजे त्यांचा अपमानच. हट्टी माणूस निदान थकतो तरी. खाला थकत नसत. भिवंडीतल्या त्यांच्या घराची मागची खोली दोन लूम कामगारांना भाड्याने दिलेली होती. खाट एक, गोधडी एक. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. एक उठून गेला की दुसरा येऊन त्याच गोधडीत शिरे. समोरासमोर गाठ पडे ती सुट्टीच्याच दिवशी, पण भांडण कधी झालं नाही. खाला म्हणत, "पहिला वास वळखीचा व्हायचा, मंग तोंड."

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि खालांच्याच पुढच्या खोलीत भाड्याने एकटीच राहत होते. सोबत हवी म्हणून आईने अंबाडीहून एक मांजरीचं पिल्लू माझ्या गळ्यात बांधलं. तिचं नाव ठमी. पण खालांकडे आधीच राणी होती, बारा वर्षांची, एक कान फाटलेली, स्वतःला घरमालकीण समजणारी. खालांचं म्हणावं असं त्या घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

राणीने ठमीला पाहिलं, शेपटी फुगवली आणि तडक माळ्यावर जाऊन बसली. सुक्या बोंबलालाही खाली उतरेना. मी घाबरून म्हटलं, रविवारी पिल्लू आईकडे पोचवते. खालांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वर्गात उशिरा आलेली पोर.

"घरात घेतलंस ना? मंग ती राहनार. आनि राणी पन राहनार."

मग त्यांनी मागच्या खोलीतला कायदा मांजरांना लावला. एकच गोणपाट. रात्री त्यावर ठमी झोपे. सकाळी खाला ते उचलून माळ्यावर राणीखाली सारत, संध्याकाळी परत ठमीकडे. माझ्या आणि खालांच्या खोलीमधलं दार बंद. दोघींच्या बशा दाराच्या दोन बाजूंना, रोज बोटभर जवळ.

माझ्यात कुठला एवढा धीर! पाचव्या दिवशी खाला बाजारात गेल्या आणि मी शहाणीने दार उघडलं. राणीने ठमीचं नाक ओरबाडलं आणि कौलांवरून पसार झाली. दोन दिवस तिचा पत्ता नाही. बोंबलाचा तुकडा हातात धरून खाला गल्ल्या पालथ्या घालत होत्या. तिसऱ्या दिवशी राणीला काखोटीला मारून आल्या. मी रडत म्हटलं, आता तरी पिल्लू नेऊ द्या.

"गप ऱ्हा. पुन्ना पहिल्यापासून." असं म्हणून त्या गोणपाट झटकायला गेल्या आणि थांबल्या. झटकलं तर वास जाईल ना.

महिना लागला. एका दुपारी राणीने आपणहून दाराखालून पंजा सारला, ठमीने पलीकडून हळूच त्याला चापट मारली. खालांनी कडी काढली आणि जणू काही घडतच नाही अशा मधोमध तांदूळ निवडत बसल्या. राणी आली, ठमीचं डोकं हुंगलं आणि गोणपाटावर आडवी झाली. ठमी तिच्या पोटात शिरली. निवडलेले खडे खालांनी पुन्हा तांदळातच टाकले. डोळे पुसताना माणसाला दिसतं कुठे!

दोन वर्षांनी माझी बदली झाली. राणीला तोवर दिसेनासं झालं होतं. ती ठमीच्या मागे मागे, तिला नाक लावून चाले. मी सामान बांधलं, ठमीला उचललं, तर खाला दारात. या बाईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"तुझीच हाय, ने. पन म्हातारीला तिच्याबिगर घास जात नाय. ठेवशील का?"

मला संताप आला. माझी एकुलती सोबत, आणि तीही मागतात! मी ठमीला खाली ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघाले. गाडी सुटल्यावर कळलं, मांजर दिलं, पण 'हो' म्हटलं नाही.

पुढच्या सुट्टीत म्हणायचं ठरवलं होतं. त्याआधीच खाला गेल्याचं पत्र आलं.