पाच बोकडांचे कान

माझ्या बकऱ्यांचे कान मी कापते, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काय? साथीत करडं गेली की पुढच्या वेताला जे करडू होईल, त्याच्या उजव्या कानाचा शेंडा ब्लेडनं काढायचा, हळद दाबायची आणि आईखाली सोडायचं. ऐब, खोट असलेल्या जिवाला दृष्ट लागत नाही, मरणही त्याला उचलत नाही. माझ्या आईनं केलं, सासूनं केलं, मी केलं. खाटकाला कानाशी काही देणंघेणं नसतं. तो कमरेवर हात दाबून बघतो आणि घेऊन जातो.

पोरगं कॉलेजात होतं त्या वर्षी नाक गळायची आणि हगवणीची साथ आली. आठ दिवसांत नऊ करडं गेली. खड्डे खणून माझ्या नवऱ्याचे, मालकांचे हात सोलले. पुढच्या वेताला पाच बोकड झाले, तेव्हा मी कुणाला न विचारता पाचांचेही कान कापले. पोरानं मागून जनावरांच्या डॉक्टरला बोलावून लस टोचून घेतली. बोकड जगले. पोरगं म्हणतं लसीनं, मी म्हणते कानानं. आमचं त्यावर अजून जमलेलं नाही.

पोरगं म्हणजे माझा एकुलता एक. त्याच्या आधीची दोन लेकरं माझ्या मांडीवर गेली. म्हणून हा झाला तेव्हा बाराव्या दिवशीच त्याचं नाक टोचून घेतलं. शाळेत पोरं चिडवायची, मग घरी येऊन माझ्यावर आदळआपट करायचा. करू दे. आदळआपट करायला होता तरी. शिर सलामत तर पगडी पचास.

कॉलेज संपल्यावर तो म्हणाला, पुण्याला जायचं नाही, बकऱ्याच करतो, पण खाटकाला नाही, हेच पाच बोकड बकरी ईदसाठी तयार करतो. माझ्या भावानं तिकडं कंपनीत बोलून ठेवलं होतं. मालक बोलायला कमी. ते एवढंच म्हणाले, "एक वरीस बघ. ईदला बोकड गेले तर रहा, न्हाई तर मामाकडं जायचं." मला तर तो घरातच हवा होता, हे कशाला झाकू? मका भरड, शेवरीचा पाला आण, पाणी दाखव, वर्षभर मी तेच केलं. बोकड असे गुळगुळीत झाले की अंगावर माशी ठरेना.

ईदच्या आठ दिवस आधी नांदेडचे व्यापारी छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. पांढरी दाढी, बोलायला मऊ माणूस. फोनवर पोराशी सगळं ठरलं होतं. लंगडा न्हाई ना, शिंग मोडकं न्हाई ना, दोन दात झाले ना. पोरानं सगळ्याला हाव म्हटलं होतं. कानाचं विचारलं होतं का, ते त्याला आठवत नाही.

त्यांनी पहिल्या बोकडाचं तोंड उघडून दात बघितले, मान हलवली. मग हात डोक्यावरून कानावर गेला आणि तिथंच थांबला.

"कुत्र्यानं तोडला का?"

"न्हाई, मीच कापला," मी म्हणाले.

ते दुसऱ्याकडं गेले, मग तिसऱ्याकडं. पाचव्याचे त्यांनी दातही बघितले नाहीत.

"ताई, कुर्बानीला पुरा कान लागतो," ते म्हणाले. "एवढासा गेला तर चालतंय, असं कुणी म्हणेल. पण घेणारा आधी कानच बघून राहिला. मी कुणाला देऊ?"

"भाईजान, जगावेत म्हणून कापले हो."

"समजलं ताई. आमच्याकडं बी लेकराला काळा धागा बांधतात." त्यांनी चहा घेतला आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

गाडी वळली तसं पोरगं माझ्यावर उखडलं. "तूच वाटोळं केलंस. कुणी सांगितलं होतं तुला?" मीही गप्प बसणारी नाही. म्हणाले, "नऊ करडं पुरली तवा का सुचली न्हाई तुला लस?" त्यावर तो गोठ्यात जाऊन बसला.

चार बोकड कंधारच्या खाटकानं नेले. सगळ्यात उंच होता तो बकऱ्या फळवायला, गाभण करायला ठेवला. मालक म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, आणि पंधरा दिवसांत पोरगं पुण्याला गेलं. त्याची बॅग मीच भरली. एसटी सुटताना रडले, चांगली रडले, लोकांसमोर.

आता रविवारी फोन येतो. खोलीत पाच जण राहतात, जेवण मेसचं. जाऊबाई म्हणतात, तुझ्या ब्लेडानं पोरगं घालवलं. मला लई राग येतो, कारण ते खरं असेल असं मलाही वाटतं. यापुढं कुणाचा कान कापायचा नाही, असं मी मनाशी ठरवलंही होतं.

मागच्या महिन्यात एक बकरी व्याली. करडू उभंच राहीना. लस तीन महिन्यांच्या आत देत नाहीत, एवढं मलाही आता कळतं. मी दुकानातून ब्लेड आणलं. मालक गोठ्याच्या दारात उभे होते.

"ईदला कुणी घेणार न्हाई त्याला," ते म्हणाले.

"नका घेऊ म्हणावं. आधी जगू तर द्या त्याला."

ते आत आले. खाली बसले आणि त्यांनी करडाचं डोकं धरलं.