तेल बंद, फक्त तर्री!

मित्रहो, आज सकाळी थोरल्या भावाला डायलिसिसला नेलं. अंगात साचलेल्या विषामुळे खाज सुटून त्याच्या हातांची सालटी निघाली आहेत. सोबत त्याचा साळा होता, स्वतःला अर्धा डॉक्टर समजणारा.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "तेल किती देता?"

"तेल एकदम बंद मॅडम," साळा छाती फुगवून म्हणाला. "मी सोता लक्ष ठेवून राहिलो. डब्यात फक्त तर्री देतो."

आमच्या नागपुरात तर्री तेलात मोजत नाहीत. रश्श्यावर तरंगणारा तो लाल तवंग म्हणजे बहुधा गंगाजल असावं.

बाई म्हणाल्या, "तेलकट खाण्यानं काही विषारी द्रव्यं वाढू शकतात, आणि ती सगळी मशीनने निघत नाहीत."

"मंग चार घंटे मशीन काहाले लावून राहिले?" या विद्वानाने बाईंनाच झापलं.

साळा गाडी काढायला गेल्यावर मी भावाला विचारलं, "तू काहून खातो गा?"

तो हळूच म्हणाला, "आवडते म्हणून थोडीच खातो? नाही म्हटलं का हा रुसते."

म्हणजे या महाशयांचा रुसवा टळावा म्हणून माझा भाऊ विष रिचवतोय!

उद्यापासून डबा दारातूनच परत जाईल. रुसला तर रुसो. तुमच्या घरच्या अशा प्रेमळ दीडशहाण्याला तुम्ही कसं आवरता?