नोरीनला सगळ्यांची नावं पाठ

स्केलनेस विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत चौदाव्या पानावर नोरीन थ्वेटचा फोटो आहे. कँटीनच्या गल्ल्यामागे उभी, डोक्यावर जाळीची टोपी, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, ‘इथे तुम्ही गर्दीत हरवत नाही. दुसऱ्या आठवड्यात आमच्या नोरीनला तुमचं नाव पाठ झालेलं असतं.’ मुलांना परदेशी धाडायला निघालेल्या आईबापांना हे पान फार आवडतं. लहानसं गाव, लहानसं विद्यापीठ, वर्षातले आठ महिने समुद्रावरचा वारा. दाखवण्यासारखं दुसरं असणार तरी काय? म्हणून मग नोरीनला दाखवायचं.

नोरीनवर उगाच खार खाण्याचं कारण नाही. नावं लक्षात ठेवायचं वेड तिचं स्वतःचंच होतं, पुस्तिकावाल्यांनी ते नंतर उचललं. त्या पाच बहिणी. शाळेतल्या बाई तिला ‘पाचांतली तिसरी’ म्हणायच्या. पुढे ती बुटांच्या कारखान्यात लागली, तिथे तिला नंबर होता, आणि कारखाना बंद पडला त्या दिवशी नंबर वाचूनच माणसं घरी पाठवली गेली. मग ती कँटीनच्या गल्ल्यावर आली. पहिल्याच आठवड्यात मलेशियाच्या एका भेदरलेल्या पोराला तिने नावाने हाक मारली. तो असा काही खुलला की बाईला नादच लागला. नवरा गेला, मुलगा ऑस्ट्रेलियात जाऊन बसला, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाद काही सुटला नाही. आणि खरं सांगायचं तर कौतुक कुणाला नको असतं? पुस्तिकेचं ते पान तिने घरी फ्रिजवर चिकटवलं होतं.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी मुलांसाठी विद्यापीठ बघायला परदेशी पाहुणे आले होते. परदेशी विद्यार्थ्यांचं खातं सांभाळणारा कॉलिन स्टोरी त्यांना घेऊन ऐन जेवणाच्या वेळी कँटीनमध्ये शिरला. हा कॉलिन म्हणजे आमच्या गावचा वारासुद्धा बरण्यांत भरून विकेल असा माणूस.

“ही आमची नोरीन,” तो म्हणाला. “रांगेतल्या कुणाकडेही बोट दाखवा. ती नाव सांगेल, देश सांगेल, ताटात काय घेणार तेही सांगेल.”

इस्तंबूलहून आलेल्या एका ओव्हरकोटवाल्या गृहस्थांनी एका उंच मुलीकडे बोट दाखवलं. बारीक लांब वेण्या, अंगात विद्यापीठाचं लालसर जाकीट.

“हे तर सोपं दिलंत,” नोरीन म्हणाली. “मुताले. झांबियाची. भाजलेला बटाटा, वर बीन्स, चीज अजिबात नको. काय गं बाळा, बरोबर ना?”

मुलगी हसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलिन त्यांना समुद्र दाखवायला खिडकीपाशी घेऊन गेला.

मुलगी ट्रे घेऊन गल्ल्याशी आली आणि जरा वाकून हळूच म्हणाली, “नोरीन, रागावू नका हं. मी अबेना. घानाची. मुताले वेगळी.”

“काहीतरीच काय!”

“खरंच. सप्टेंबरात एकदा सांगितलं होतं मी. तुम्ही ऐकलंत, हसलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुताले. मग म्हटलं जाऊ दे, एवढ्या मायेने हाक मारतात. बटाटा माझाच आहे. नाव तेवढं तिचं.”

“अगंबाई! म्हातारी झाले गं मी,” असं म्हणून नोरीन हसायला लागली, आणि अर्ध्यावरच थांबली.

सोमवारी कॉलिनचा फोन आला होता. इथे हजेरीसाठी प्रत्येक वर्गाच्या दाराशी कार्ड टेकवावं लागतं, आणि मुताले म्वान्सा नावाच्या मुलीचं कार्ड बरेच दिवस कुठेच टेकलं नव्हतं. तिचा फोनही बंद होता. “तुमच्याकडे येते का हो?” कॉलिनने विचारलं होतं. “येते की!” नोरीन ठसक्यात म्हणाली होती. “रोज येते. आत्ताच बटाटा घेऊन गेली.” कॉलिन म्हणाला होता, “सुटलो बुवा. तुम्ही पाहिलंत म्हणजे झालं.” आणि शोध तिथेच थांबला होता.

“अबेना,” नोरीनने विचारलं, “तुला ती कधी दिसली होती?”

“मला? पुष्कळ दिवस झाले. खोकत होती. वसतिगृह परवडेना म्हणून तिने बंदरावर खोली घेतली, बंद पडलेल्या बेकरीच्या वर. एकटीच असते. मला वाटलं, मँचेस्टरला मामाकडे गेली असेल.” आता अबेनाही गंभीर झाली. “का हो?”

नोरीन उत्तर द्यायला थांबली नाही. रांग तशीच सोडून ती खिडकीपाशी गेली आणि कॉलिनची बाही ओढून तिने त्याला सगळं सांगितलं. कॉलिनच्या चेहऱ्यावरचं हसू पाहुण्यांसाठी तसंच राहिलं, पण त्याचा रंग उडाला.

“तुम्हीच म्हणालात ना, रोज येते म्हणून?” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“म्हणाले. चुकले मी. ती दुसरीच मुलगी होती.”

“बरं, बरं. अर्ध्या तासात यांचं आटपतं. मग बघू आपण. आणि नोरीन, हे मोठ्याने नको. तुम्ही चौदाव्या पानावर आहात.”

नोरीनने खिडकीतून बाहेर पाहिलं. पलीकडे बंदर दिसत होतं, बेकरीचं छप्परसुद्धा दिसत होतं. सोमवारपासूनचे दिवस आपणच त्या पोरीचे घालवले, हा विचार तिच्या मनात आला. आता वर आणखी अर्धा तास? तिने डोक्यावरची टोपी काढली.

“कुठे निघालात? रांग लागलीय!” कॉलिन म्हणाला.

“ऐका हो सगळे,” नोरीन पाहुण्यांकडे वळली. “मघाशी मी जिला मुताले म्हटलं, ती मुताले नव्हे. खरी मुताले कुठे आहे ते इथे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही.”

कॉलिनने डोळे मिटून घेतले. मग मागे उभी असलेली एक आई, जिची मुलगी तिला खेटून उभी होती, ती फाटकन म्हणाली, “मग इथे काय उभ्या राहिलात? जा ना!”

“जॅकी, गल्ला बघ,” नोरीनने स्वयंपाकघराकडे ओरडून सांगितलं.

“एवढ्या गर्दीत? डोकं फिरलंय का तुझं?” आतून जॅकी ओरडली, पण ती हात पुसत आलीच.

बंदराचा रस्ता उताराचा, पावसाने निसरडा झालेला. अबेना पुढे पळत होती, नोरीन छत्रीचा काठीसारखा आधार घेत मागून येत होती. गुडघ्यांतून कळा येत होत्या आणि तिला त्या कळांचा रागही येत नव्हता. येऊ देत, असंच तिला वाटत होतं. रोज आपण ‘बाळा, बाळा’ करत एकीच्या ताटात दुसरीचं नाव वाढत होतो. आणि खरी मुताले? तीही कधीतरी गल्ल्याशी आली असेलच. तेव्हा आपण तिला काय म्हटलं असेल? तिला काही म्हणजे काही आठवेना.

बेकरीच्या बाजूला हिरवं दार होतं. अबेनाने ते बडवलं. उत्तर नाही. नोरीन ओल्या पायरीवर गुडघे टेकून बसली आणि टपालाची फट उघडून आत पाहू लागली. आत जिन्याच्या तळाशी जाहिरातींचे कागद आणि पाकिटं साचली होती. त्यांच्यावर कुणाचा पाय पडलेला नव्हता.

“मुताले!” ती त्या फटीतून ओरडली. “मुताले, बाळा!”

वरून काहीतरी ऐकू आलं. खोकला की पाइपातलं पाणी, कळायला मार्ग नव्हता.

“आहे,” अबेना म्हणाली. “आहे ती आत. आता काय करायचं?”

“तू ॲम्ब्युलन्सला फोन लाव. आणि मागे सर.”

साऱ्या जन्मात नोरीनने कुणाची काच फोडली नव्हती. छत्रीची मूठ तिने दाराच्या काचेवर एकदा मारली, नुसता तडा गेला. दुसऱ्यांदा मारली तेव्हा काच आत कोसळली. हात घालून कडी काढताना मनगटाला कापलं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

वरची खोली बाहेरच्यापेक्षा गार होती. नाणी टाकून चालणाऱ्या हीटरच्या मीटरमधले पैसे संपलेले, पडदा ओढलेला. पलंगावर कपड्यांचा ढीग होता आणि सगळ्यात वर तेच विद्यापीठाचं लालसर जाकीट. नोरीनने ढिगात हात घातला. हाताला चेहरा लागला, नुसता भाजत होता. श्वास चालू होता, पण प्रत्येक श्वासाला छाती घरघरत होती.

मुलीने डोळे उघडले. ओठ सुकून फाटले होते. नोरीनकडे ती बराच वेळ बघत राहिली.

“नोरीन,” ती म्हणाली. “आज कँटीन बंद आहे?”

नोरीनला रडू आवरेना. “बंद नाही गं. मी आले. उशीर केला मी.”

दोघींनी मिळून तिला उठवून बसवलं, घोट घोट पाणी पाजलं. अबेनाने तिचे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली. ती एकीकडे तिला शिव्या घालत होती आणि एकीकडे रडत होती. “मामाकडे गेलीस म्हणून मी गप्प बसले, मूर्ख! एक दार वाजवायला मला काय झालं होतं?” ॲम्ब्युलन्स येईपर्यंत नोरीनने मुलीच्या छातीवरचा हात काढला नाही. मध्येच घरघर थांबल्यासारखी वाटली की ती वाकून कान लावायची, आणि मग पुन्हा श्वास लागायचा.

शेवटी जिन्यावर जड पावलं वाजली. ॲम्ब्युलन्सवाल्याने मुलीच्या तोंडावर मास्क लावला, बोटाला यंत्र लावून पाहिलं. “न्यूमोनिया दिसतोय,” तो म्हणाला. “वेळेवर सापडली. उद्यापर्यंत राहिली असती तर सांगता आलं नसतं.” मग तो मुलीकडे वाकला. “बेटा, नाव काय तुझं?”

मुलीने मास्क जरासा बाजूला केला आणि नोरीनकडे बोट दाखवलं.

“तिला विचारा,” ती म्हणाली. “तिला सगळ्यांची नावं येतात.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ॲम्ब्युलन्सवाला नोरीनकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला एका नावाची भीती वाटली.

“मुताले म्वान्सा,” ती अखेर म्हणाली, आणि बरोबर म्हटलं ना, हे विचारायला तिने अबेनाकडे पाहिलं. अबेनाने मान हलवली.

“तुम्ही ओळखता हिला?” ॲम्ब्युलन्सवाल्याने विचारलं.

“नाही,” नोरीन म्हणाली, आणि स्ट्रेचरवरच्या मुतालेचा हात धरून ती जिना उतरायला लागली.