सीमेकोंबडा कुणी भाजला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अवरेकाळू, आपले पावटे, सोलले. मार्गशीर्षात म्हैसुरात घरोघरी हेच चालतं. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल बोटांत राहते आणि आतला दाणा पातेल्यात पडतो. मागच्या अंगणात ऊन होतं. ती पाय लांब करून भिंतीला टेकली होती, मी पाटावर. माझे दाणे पातेल्याच्या बाहेर उडत होते. "अहो, दाबायचं असतं, गोळी झाडायची नसते," ती म्हणाली. मी म्हटलं, "पातेलं जरा जवळ घे." "पातेलं जागेवरच आहे. नेम तुमचा गेलाय." एवढंच बोलणं झालं. दाणे सोलून झाले, तिनं त्यांवर पाणी घातलं, म्हणाली उद्या भातावर घ्यायला सारू करते. दिवेलागणीला उठली, देवळीला हात लावला आणि खाली बसली. मी डॉक्टरला आणायला गल्लीच्या टोकापर्यंत पोचलो नव्हतो तोच मागून कुणीतरी हाक मारली… त्या हाकेवरूनच कळलं.

मी लिहिणारा माणूस नाही. कानडी शाळेत चौथीपर्यंत गेलो, मराठी ती घरात शिकलो तेवढीच. जन्म साहेबांच्या बंगल्यावर चुलीपुढे गेला. पण आपल्या समाजाच्या या मासिकात गेल्या खेपेला तिच्या जाण्याची बातमी आली, ती वाचून मला गप्प बसवेना. बातमीची सुरुवात अशी : "बंगल्यावरील नामांकित कुक श्री. गणोजीराव यांच्या कुटुंबास देवाज्ञा झाली. बाई सुशील, पतिपरायण व सुगरण होत्या. त्यांच्या हातची पुरणपोळी कोण विसरेल?" त्यात माझं नाव आहे. पुढे माझ्या वडिलांचं आहे. आजोबा महाराजांच्या रिसाल्यात होते तेही आहे, त्यांच्या घोड्याचा रंगही आहे. मेली ती, आणि तिचं नाव नाही. आणि पुरणपोळी म्हणे कोण विसरेल. मी सांगतो कोण विसरेल, सगळे विसरतील. दर होळीला तिची पोळी फुटायची. पुरण तव्यावर आणि पोळी उलथन्यावर. तिला पोळी कधी जमली नाही आणि त्याची तिला लाजही नव्हती.

बातमी लिहिली माझे चुलतभाऊ अण्णा यांनी. अण्णा निवृत्त दफेदार, गल्लीत त्यांचा शब्द चालतो. मी त्यांना विचारलं, "अण्णा, ती कशात सुगरण होती ते तुम्हाला ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "ठाऊक आहे, पण छापण्यासारखं आहे का ते?" म्हणून मी छापायला पाठवतोय. संपादकांनी एक शब्द बदलू नये.

तिला येत होता तो सीमेकोंबडा. सीमे म्हणजे कानडीत परदेशी. साहेब त्याला टर्की म्हणतात. नाताळच्या जेवणाला तो नसेल तर त्यांचा सण होत नाही. माझी नोकरी नवी होती तेव्हा बंगलुराहून आगगाडीनं पहिला पक्षी आला. एवढं धूड मी कधी भाजलं नव्हतं. विटांच्या भट्टीत घातला, खूप जाळ केला, बाहेर काढला तेव्हा वरून सोन्यासारखा दिसत होता. टेबलावर गेला आणि साहेबाची सुरी छातीत अडकली. मांस असं कोरडं, की पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येईना. साहेब ओरडला नाही, ताट फक्त पुढे सरकवलं. मडम म्हणाली, नव्या वर्षाच्या जेवणाला दुसरा पक्षी येतोय, तोही असा झाला तर दुसरा कुक बघू.

घरी येऊन मी हे सांगितलं. ती म्हणाली, "ठेवला कसा होतात?"

"उताणा. सगळे तसाच ठेवतात."

"उताणं मढं ठेवतात." मग म्हणाली, "छाती वर, धग वरून. ती वाळणारच. बाळाला न्हाऊ कसं घालतात, बघितलंय कधी?"

हे मला सांगायलाच हवं. आमचं एकच मूल झालं, पाच महिन्यांचं होऊन गेलं. त्यानंतर तिनं गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींची बाळं न्हाऊ घातली, लांब केलेल्या पायांवर पालथी घेऊन. अण्णांची चारही पोरं तिच्याच पायांवर वाढली. तर तिनं त्या पक्ष्याला तसंच केलं. आदल्या दिवशी खारट ताकात बुडवून ठेवला. सकाळी पुसून कोरडा केला, पायांवर घेऊन लोणी, मिरी आणि आलं असं चोळलं, की कातड्याखालीही बोटं घातली. पोटात कांदा आणि फोडलेलं लिंबू. मग भट्टीत पालथा, म्हणजे पाठीतली चरबी उतरते ती छातीत जाते. वरून तिच्या जुन्या लुगड्याचा पदर, चौपदरी, लोण्यात भिजवलेला. निखारे ओढून मंद केलेले. एक पान चघळून होईल तेवढ्या वेळानं पळीभर रस त्या पदरावर. शेवटीच फक्त उलटवायचा, पदर काढायचा, रंग येऊ द्यायचा. आणि बाहेर काढला की लगेच सुरी लावू द्यायची नाही. "न्हालेल्या बाळाला झोपू देतात ना? मग?" ती भट्टीपुढे बसून कनकांबराचा, अबोलीचा, गजरा गुंफायची. गजरा पुरा झाला की पक्षी टेबलावर. वेटर दारात येऊन नाचायचा, साहेब बसलेत, साहेब बसलेत. ती मान वर न करता म्हणायची, "सुम्ने, गप बसू दे की."

त्या नव्या वर्षाला साहेबानं तीन वेळा वाढून घेतलं. त्यानंतर सत्तावीस नाताळ झाले, पाच साहेब बदलले. सगळ्यांनी तिच्या पदराखालचं खाल्लं आणि एकालाही ते ठाऊक नव्हतं. बदली झाली की साहेब नोकराला चिठ्ठी लिहून देतात, हा माणूस चांगला, हा अमुक चांगलं करतो. माझ्याकडे अशा पाच चिठ्ठ्या आहेत. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण टर्की हा शब्द कुठे आहे ते मी विचारून ठेवलं होतं आणि तिला बोट ठेवून दाखवायचो. एकदा तिनं विचारलं, "आणि मी कुठे आहे यात?" मी हसलो. तीही हसली. आता मला त्या हसण्याचा राग येतो, माझ्या.

याहून वाईट सांगतो. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ती मागच्या फाटकानं यायची आणि त्याच फाटकानं जायची, साहेब-मडमच्या नजरेस पडायची नाही. त्या सकाळी मडम अचानक कुकखान्यात आली. ही जमिनीवर पाय लांब करून, पक्षी पायांवर पालथा, चोळत होती आणि तोंडानं बाळांचं काहीतरी गुणगुणत होती. मडमला हसू आलं. तिनं मला विचारलं, ही कोण? मी म्हणालो, "माझी बायको. भांडी घासायला आलीय."

तिनं पक्षी भाजला, गजरा पुरा केला, घरी आली. मी वाट बघत होतो भांडणाची, तेही नाही. पुढच्या नाताळला मी पक्षी काढून ठेवला, तर ही मोठं तांब्याचं पातेलं घेऊन बसली. चिंच लावली, राख लावली, घासतेय, घासतेय. ऊन डोक्यावर यायला लागलं. मी म्हटलं, "अगं, पक्षी कधी घालायचा?" म्हणाली, "मला काय विचारता? मी भांडी घासायला आलेय." मी हात जोडले तेव्हा उठली. त्यानंतर दर वर्षी, एक वर्ष चुकलं नाही, ती आधी ते पातेलं घासायची, माझ्याकडे बघत. मग पक्ष्याला हात लावायची. मला वाटायचं, थट्टा आहे. सव्वीस वर्षं कुणी थट्टा करतं का? मी एकदा मडमपुढे जाऊन खरं सांगितलं असतं, तर ते पातेलं तिनं तिथंच ठेवलं असतं. मी सांगितलं नाही. नोकरी जाईल असं मला वाटायचं, हे खोटं आहे. नाव जाईल असं वाटायचं.

आणि गल्ली? एका वर्षी पक्षी आठ दिवस आधी आला. बंगल्यावर कुत्री, म्हणून आमच्या अंगणात बांधला. ती त्याला नाचणीचे गोळे भरवायची. टकलं डोकं, लाल लोंबती मान. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, भिंतीवरून बघून म्हणाल्या, "अय्यो, हे तर गिधाड." झालं. त्या दिवसापासून माझी बायको गिधाडवाली. कोंबडी खाणारी, बकरं खाणारी माणसं, पण आमच्या घरचं पाणी प्यायला तोंड वाकडं. वहिनींचं धाकटं तेव्हा तीन महिन्यांचं होतं. त्याला आंघोळीला पाठवायचं बंद केलं. ते पोर आठ दिवस रडलं. नवव्या दिवशी वहिनींनी ते कडेवर आणून दारात उभं राहून म्हटलं, "काय करावं हो, झोपतच नाही." तिनं हात पुढे केले. पोर पायांवर घेतलं. मी बोललो असतो. तीच वहिनी आता सांगतेय, अन्नपूर्णा होती.

दहावा दिवस नेमका नाताळचा आला. बंगल्यावरून आधी निरोप आला होता. नोकरी सुटून मला दोन वर्षं झाली, तरी नाताळच्या पक्ष्याला बोलावणं येतंच. मी सांगितलं, सुतक आहे. आम्ही पश्चिमवाहिनीला कावेरीवर गेलो. पिंड ठेवला. पानात पुरणपोळी ठेवली, वहिनींनी केलेली, न फुटलेली. समोर झाडावर कावळे होते. एक खाली येईना. अण्णा हात जोडून म्हणाले, "गणोजीला आम्ही अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "दर होळीला तुमच्या नावानं पोळी करीन." हे ऐकून तिच्या जागी मी असतो तरी आलो नसतो. भटजी माझ्याकडे बघू लागले. तिचं काय अडलंय ते मला ठाऊक होतं. तिथं चाळीस माणसं उभी होती. नुसतं म्हणायचं होतं, तो पक्षी तू भाजायचीस, मी नाही. माझी जीभ उचलली नाही… सव्वीस वर्षांत उचलली नाही ती तिथंही नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. परतताना अण्णा म्हणाले, होतं असं कधी कधी. होत नाही असं. आम्ही केलं म्हणून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो आणि बंगल्यावर गेलो. मागच्या फाटकानं. कुकखान्यात पास्कू होता, मंगळूरकडचा नवा कुक, कोकणी बोलणारा, चांगला माणूस. ओट्यावर आदल्या दिवशीच्या पक्ष्याचा सांगाडा होता. सांगाडा कसला, अर्ध्याहून जास्त मांस तसंच होतं. छाती भुशासारखी. पास्कू मान खाली घालून म्हणाला, "सुकलो," म्हणजे पक्षी सुकला. कोपऱ्यात ते तांब्याचं पातेलं काळं पडून होतं. मी खाली बसलो, चिंच मागितली, राख घेतली आणि घासायला लागलो. पास्कू धावत आला, "गणोजीबाब, तुम्ही कशाला?"

मी म्हणालो, "मी भांडी घासायला आलोय. इतकी वर्षं तेवढंच मला येत होतं. पक्षी माझी बायको भाजायची."

तो उभा राहिला. मग त्यानं विचारलं, एका कुकानं दुसऱ्या कुकाबद्दल विचारावं तसं, "नांव कितें तांचें?"

लग्नात घास भरवताना मी तिचं नाव घेतलं होतं, त्यानंतर नाही. अगं म्हटलं की ती यायची. मी म्हणालो, "गोदावरी." पहिल्यांदा नीट आलं नाही. पुन्हा म्हणालो. मग त्याला सगळी रीत सांगितली, ताकापासून गजऱ्यापर्यंत, आणि प्रत्येक गोष्टीला तिचं नाव घेऊन सांगितली. त्यानं ऐकून घेतली.

पक्ष्याच्या पाठीला, मांडीच्या वरच्या खोबणीत, दोन्हीकडे एकेक घास असतो. साहेबांना तो माहीत नाही, ते सोडून देतात. पक्षी कितीही वाळला तरी ते दोन घास ओले राहतात. टेबलावरून सांगाडा परत आला की ती आपले ते दोन घास काढून ठेवायची आणि साहेब लोक आडवे झाले की मागच्या पायरीवर बसून आम्ही एकेक खायचो. मी बोटानं ते दोन घास काढले. दोन्ही तिच्या पायरीवर ठेवले. कावळा आला की नाही, हे मला कुणी विचारू नये. पातेलं धुतलं, पुसलं, उन्हाला धरून बघितलं. एका बाजूला डाग राहिला होता, तिनं राहू दिला नसता. परत घासलं. मग ते तिच्या जागेवर पालथं घातलं आणि घरी आलो.