वरून पडणारी भर

या हिवाळ्यात मी थकले आहे, आणि ते कबूल करायची आता लाज वाटत नाही. नोकरी पुण्याला, आई रिठदला, आणि मी जिच्यावर नजर ठेवून बसते ती हवा उत्तर ध्रुवावर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून लॅपटॉप घेऊन गावी आले. नेटवर्क फक्त गच्चीच्या जिन्यावर मिळतं. तिथे तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या भाऱ्याला टेकून मी ध्रुवावरचा ओझोन मोजते. गावात कुणाला सांगायची सोय नाही.

काम सांगायला सोपं आहे. हिवाळ्यात ध्रुवावर फार उंचावरची हवा एका मोठ्या भोवऱ्यात कोंडली जाते आणि हिवाळा सरताना ऊन आलं की तिच्यातला ओझोन झपाट्याने नासतो. किती नासला ते मोजायचं. गोम अशी, की ही हवा सावकाश खाली बसत असते आणि तिच्या जागी वरून ओझोनने भरलेली हवा येते. त्यामुळे एकाच उंचीवर मोजत बसलं तर सगळं जिथल्या तिथे दिसतं. नवखा माणूस इथे हमखास फसतो. म्हणून आम्ही हवेचा एकच लोट धरतो. एका ठिकाणी फुगा सोडून त्यातला ओझोन मोजायचा, आठ-दहा दिवसांनी तो लोट कुठे पोचेल ते काढायचं आणि तिथल्या लोकांकडून पुन्हा फुगा सोडून घ्यायचा. दोन मापांतला फरक हाच खरा तोटा. नव्या मुलांना हे बजावून बजावून माझं तोंड दुखलं आहे.

पुण्याहून मी आईला रोज फोन करायचे. काय जेवलीस, कोण आलं होतं, गोळी घेतलीस का. उत्तरं चोख यायची. शेजारची मावशी, आईची जन्माची मैत्रीण, त्या वेळी तिथेच असायची, हे मला माहीत होतं. बुद्धवंदना तर आई आजही न अडखळता म्हणते. मग काळजी कसली?

मी गावी आल्यावर एक दिवस मावशी केनवडच्या बाजाराला गेली होती. मी आईला सहज विचारलं, "आई, सकाळी कायची भाजी होती?" ती भाजी आईनेच निवडली होती.

"होती ना काईतरी," ती म्हणाली.

तासाभराने पुन्हा विचारलं. काल कोण भेटायला आलं होतं, तेही विचारलं. माझी धाकटी बहीण धनजहून येऊन दिवसभर राहून गेली होती. आईला त्यातलं काही आठवत नव्हतं.

मावशी परतल्यावर मी तिच्यावर चिडलेच. "मले सांगतलं काहून नाही?"

"कायले सांगू?" पिशवी खाली ठेवत ती म्हणाली. "तू तिकडे कामात. अन् हे फोनवर अडली का रडते. म्या हळूच उत्तर सांगतलं का हासते. मंग सांगत गेली मी."

"कवापासून?"

"झाली असतीन दोन वर्सं."

दोन वर्षं मी रोज फोनवर एकाच उंचीवर मोजत बसले होते. वरून मावशी भर टाकत होती आणि मला सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. स्वतःचा संताप आला. मग संतापायचंही त्राण उरलं नाही. पुण्याहून मेल आला होता, आणखी चार लोटांचे मार्ग काढून द्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तेही काढून दिले.

वाशीमच्या डॉक्टरकडे जाण्याआधी नेमकं किती गेलं आहे ते कळावं, म्हणून मावशीला म्हटलं, दोन दिवस येऊ नको. आणि आईला तेच तेच प्रश्न विचारत सुटले. सकाळी विचारायचे, दुपारी विचारायचे, वहीत मांडायचे. खोड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मांडीवरचं सूप बाजूला सारलं.

"काहून इचारून राह्यली तू मले सारखं? मले नाही येत ना." तिचे डोळे भरले होते. "ते कुठी गेली? तिले बलाव. माहं सगळं तिले ठाऊक हाये."

मी वही मिटली आणि भिंतीवरून मावशीला हाक मारली.