पडद्यावर उमटलेला चहा
मशीनच्या तेलाचा वास आला की काळेवाडीतली आमची एका खोलीची दुपार डोळ्यांपुढे तरंगते. कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशीनच्या धडधडीत वडिलांचे कान गेले होते. त्या दिवशी कंपनीचं ट्रेनिंग मोबाइलवर होतं. मी कॅप्शन चालू केलं, तसं साहेबांचं बोलणं अक्षरं होऊन पडद्यावर वाहू लागलं. एरवी नुसती मान डोलावणारे वडील ओठ हलवत वाचत राहिले. ट्रेनिंग संपलं, साहेब पडद्यावरून गेले, पण मोबाइलचा माईक आणि कॅप्शन चालूच राहिलं. ओट्याशी आई सवयीने पुटपुटली आणि पडद्यावर हळूच उमटलं, ‘अहो, चहा ठेवू का?’ ‘ठेव. आलं घाल जरा,’ वडील म्हणाले. आईच्या हातातलं पातेलं तसंच अधांतरी राहिलं. आता आई भांडायचं असलं तरी आधी मोबाइल त्यांच्यापुढे ठेवते.